जाड वायसर

महालिंगअप्पांबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला रोज भेटतात. चहाच्या टपरीवर भेटतात, आठवडी बाजारात भेटतात, माझ्याच वर्कशॉपमध्ये माझ्याच खुर्चीवर बसून सांगतात की असा माणूस आता व्हायचा नाही. मी ऐकून घेतो. ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही, हे साऱ्या दिंद्रुडला माहीत आहे, म्हणून बोलता बोलता ते जरा चपापतात आणि पावसापाण्याकडे वळतात. ते सांगतात ते सगळं खरं आहे. त्यातलं एकही वाक्य मी खोडून काढणार नाही. पण अप्पांकडून मला एक गोष्ट यायची राहिली, आणि ती त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

अप्पांचं दुकान माजलगावच्या रस्त्याला. फक्त नट-बोल्टचं. पाईप नाही, पत्रा नाही, रंग नाही, खिळासुद्धा नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात दोन खिशांची बंडी आणि बोटांना कायम तेल. त्या तेलकट बोटानं ते कपाळ खाजवत, त्यामुळे दुपारपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांवर एक काळा पट्टा चढलेला असे. बोल्ट मागितला की अप्पा आधी उजवा हात पुढे करायचे, तळवा वर, बोटं जराशी उघडलेली, आणि विचारायचे,

"कशाला लावायचाय?"

हा प्रश्न सगळ्यांना होता. चार बोल्ट घेणाऱ्याला होता, पोतंभर नेणाऱ्याला होता. पाटोदा, नेकनूरकडची माणसं वाट वाकडी करून त्या दुकानात येत ती या प्रश्नासाठी, असं मला पुढं कळलं. कारण बहुतेकांना बोल्टाचं नाव माहीत नसतं. त्यांना एवढंच माहीत असतं की काहीतरी सुटलंय आणि ते धरून ठेवायचंय. अप्पा म्हणायचे, "बोल्टाचं नाव मला ठाव हाय. तुमी फक्त काय धरायचंय ते सांगा."

त्यांच्या फळ्यांवर लाकडी खोकी होती आणि खोक्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. गोल डोक्याचा, डोक्याखाली चौकोनी मानेचा बोल्ट लाकडासाठी. ती मान लाकडात रुतली की नट आवळताना बोल्ट जागेवर फिरत नाही. नांगराच्या फाळाचा बोल्ट वेगळा. त्याचं डोकं फाळाच्या लोखंडात बुडून सपाट बसतं, म्हणजे माती त्यावरून सरकत जाते, अडत नाही. पिठाच्या गिरणीखाली काँक्रीटमध्ये पुरायचे ते काठीसारखे वाकडे फाउंडेशन बोल्ट. ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आसाशी बांधणारे यू-बोल्ट. दोन्हीकडून आटे असलेले, डोकंच नसलेले स्टड. हे मला सगळं त्यांनी शिकवलं. वर्कशॉप टाकलं तेव्हा माझ्याकडे एक वेल्डिंगचं मशीन, एक गॅसकटर आणि सासऱ्यानं न मागता दिलेले चार उपदेश एवढंच होतं. दुपारी लाईट गेली की मी अप्पांच्या दुकानात जाऊन बसायचो. ते मला "दत्ता" म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे.

"दत्ता, हा हातात घे. डोक्यावर काय लिवलंय?"

"आठ, पॉइंट, आठ."

"ह्यो हायटेन. ह्याला ताकद लई. आता ह्यो घे."

"ह्याच्यावर कायच न्हाई."

"ह्यो गरीब. पण गरीबबी कामाचा असतो, जागा बघून."

विकण्याआधी ते प्रत्येक बोल्टावर नट चढवून बघत. दोन बोटांनी नटाला झटका द्यायचा, तो भिरभिरत मानेपर्यंत गेला पाहिजे. मध्येच अडला की तो जोड बाजूला. गिऱ्हाईक घाईत असलं तरी अप्पांना घाई नसे. एसटीत बसले तरी हात स्वस्थ नसत. एकदा आम्ही बरोबर बीडला गेलो होतो. समोरच्या सीटचा दांडा खुळखुळत होता. अप्पांनी बंडीच्या खिशातून पाना काढला आणि बीड येईपर्यंत वाकून तो दांडा आवळला. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, आता टायर बी बघता का?" अप्पा गंभीरपणे म्हणाले, "गाडी थांबंल तवा."

आवळण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. हाताला ताण लागला की थांबायचं. "पाना हातात आला की माणूस थांबत न्हाई," ते म्हणत, "त्याला वाटतं आणखी एक आटा. त्या एका आट्यानं बोल्ट मरतो."

त्यांची रोटाव्हेटरची गोष्ट अजून सांगितली जाते. ट्रॅक्टरमागे माती भुसभुशीत करणारं ते यंत्र. त्याच्या दांड्यात एक बोल्ट असतो. पात्यात दगड आला की तो तुटतो, आणि तो तुटला म्हणून आतली दातेरी चाकं वाचतात. पाटोद्याकडचे एक गुरुजी आले. शाळा सांभाळून शेती करणारे, बोलण्यात फार शुद्ध. म्हणाले, "अप्पा, आठवड्यात पाच बोल्ट तुटले. मला सर्वांत मजबूत बोल्ट द्या."

अप्पांनी हात पुढे केला. गुरुजींनी रोटाव्हेटरचं सांगितलं. अप्पांनी त्यांच्यापुढे ओंजळभर गरीब बोल्ट ओतले.

"हे तर तेच आहेत. हे तुटतात."

"तुटायसाठीच हायेत, गुरुजी. ती त्यांची नोकरी."

"मी तुम्हाला मजबूत मागितला."

"तुमच्या रानात दगड लई. दगड येचा, न्हाईतर हे न्या."

गुरुजी रागावून गेले आणि दुसरीकडून हायटेन घेऊन लावला. महिन्याभरानं पोत्यात काहीतरी जड घेऊन परत आले. पोतं उघडलं तर आत गिअरबॉक्सचं फुटलेलं कवच आणि दात झडलेलं चाक. बोल्ट मात्र शाबूत होता, तोही त्यांनी आणला होता. दुकानात आम्ही चारपाच जण होतो. सगळे अप्पांच्या तोंडाकडे बघत होते, आता हे काय ऐकवतात म्हणून. अप्पांनी हात पुढे केला, तळवा वर, आणि अगदी पहिल्यांदाच आल्यासारखं विचारलं, "कशाला लावायचाय, गुरुजी?"

दुसरी गोष्ट एका मोठ्या साहेबांच्या स्वागताची. कार्यकर्ते आले, त्यांना कमानीसाठी बोल्ट हवे होते.

"उंची किती?" अप्पांनी विचारलं.

"असंल पंचवीस फूट."

"पाया?"

"पाया कशाला? ड्रम ठेवायचे, ड्रममदी वाळू."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "साहेब कमानीच्या खालनं जाणार का वरनं?"

"खालनंच की अप्पा. काय इचारता."

"मग न्हाई देत."

"कावून?"

"उद्या कायी झालं तर बोल्ट कुणाचा, हे लोक इचारतात."

कार्यकर्त्यांनी माजलगावहून बोल्ट आणले, कमान उभी केली, ती चार दिवस उभी राहिली आणि काही झालं नाही. गावात लोक अप्पांना हसले. अप्पा म्हणाले, "वारं सुटलं न्हाई," आणि नट तपासत बसले. त्या वेळी मीही हसलो होतो. पण ते जे म्हणाले, बोल्ट कुणाचा हे लोक विचारतात, ते वाक्य माझ्याच उपयोगी पडायचं होतं.

माझं काम वाढलं. ट्रॉल्यांची ऑर्डर यायला लागली. मी घासाघीस करून वाढलेला माणूस आहे. पत्र्याच्या व्यापाऱ्याशी, टायरवाल्याशी, गिऱ्हाइकाशी, सगळ्यांशी भांडून मी उभा राहिलो. मला कुणी काही दिलं नाही, ते मी ओढून घेतलं. अशा माणसाला दुकानात थांबवून प्रश्न विचारलेला खपत नाही. एका दुपारी मी सहा सुती बोल्ट घ्यायला गेलो. सहा सुती म्हणजे पाऊण इंच जाड. बाहेर गिऱ्हाईक गाडीवर बसून हॉर्न वाजवत होतं, आत दुकान भरलेलं होतं. मी भाव पाडून मागितला. अप्पांनी भावाचं काही न बोलता हात पुढे केला.

"कशाला लावायचेत, दत्ता?"

"ट्रॉलीला."

"ट्रॉलीला कुठं?"

"पुढं. दांडीच्या कडीला."

"भोकं कितीची पाडतो? आन् कशानं?"

मला ते झोंबलं. त्याला कारण होतं. भोकं मी ड्रिलनं पाडत नव्हतो, गॅसनं कापत होतो. ड्रिलनं एका भोकाला पंधरा मिनिटं लागतात, आणि लाईट असावी लागते. गॅसला लाईट लागत नाही आणि अर्ध्या मिनिटात भोक तयार. जरा मोठं होतं, कडा खडबडीत राहते, पण आमच्याकडे सगळेच तसं करत होते. मी पाचसहा माणसांसमोर म्हणालो,

"अप्पा, तुमी दुकानदार हाय, फौजदार न्हाई. माल द्या, पैसे घ्या. मला पुन्यांदा इचारत जाऊ नका."

दुकानात कुणीतरी खाकरलं. अप्पांनी पुढे केलेला हात मागे घेतला, तो बंडीला पुसला आणि म्हणाले, "बरं."

मी मागितलेल्या भावाला त्यांनी माल दिला. एक पैसासुद्धा वर मागितला नाही. मी गाडीवर बसलो तो जिंकल्यासारखा बसलो. ज्याच्याशी कधी घासाघीस जमली नाही त्याला एका वाक्यात गप्प केलं, असं मी गावभर सांगितलं. त्या वेळी मला शंका यायला हवी होती. जन्मभर भाव करणाऱ्याला, समोरचा इतक्या सहज का कबूल झाला, हा प्रश्न पडायला हवा होता.

पुढच्या वेळी गेलो तर अप्पा म्हणाले, "या शेठ. काय देऊ तुमाला?"

मी म्हणालो, "शेठ कवापासनं झालो मी?"

"तुमी सांगा काय देऊ."

त्यांनी मला पुन्हा कधीही विचारलं नाही. माझ्या आधीच्याला विचारत, माझ्या नंतरच्याला विचारत. माझी पाळी आली की हात खोक्यात. मागेन ते, मागेन तेवढं. दत्ता गेला, शेठ आला, अरे-तुरे गेलं, अहो-जाहो आलं. सुरुवातीला मला ते आवडलं, हे खरंच लिहितो. मोठ्या गिऱ्हाइकाशी असंच वागतात, असं मला वाटलं.

भोकं मोठी होत असल्यामुळे साधा वायसर, म्हणजे नटाखालची भोकाची चकती, त्यात धसत होता. म्हणून मी अप्पांकडून जाड वायसर न्यायला लागलो, बाहेरून रुंद, साध्याच्या दीडपट. सहा सुती बोल्टाला एवढा जाड वायसर लागत नाही. लागतो कधी, तर भोक बोल्टापेक्षा बरंच मोठं असतं तेव्हा. मी दोन वर्षं ते नेत होतो. अप्पा मोजून देत होते, नट चढवून बघत होते, कागदात बांधत होते आणि माझ्याकडे न बघता पुढच्याला विचारत होते, "कशाला लावायचाय?"

नरहरीची ट्रॉली त्याच दोन वर्षांतली. नरहरी गावातला ट्रॅक्टरवाला, शेजारधर्म पाळणारा माणूस. ट्रॉलीवर त्यानं माझं नावही रंगवून घेतलं होतं. ऊस कारखान्याला चालला होता. चढाला ट्रॉली भरलेली असली की एक माणूस मागून चालतो, हातात मोठा दगड घेऊन. ट्रॅक्टर अडला की चाकामागे उटी लावायची, म्हणजे तो दगड सरकवायचा, गाडी मागे येत नाही. ते काम नरहरीचा धाकटा भाऊ भानुदास करत होता. ट्रॅक्टर थांबला, भानुदास उटी लावायला वाकला, आणि पुढची कडी सुटली. चार बोल्ट होते त्या कडीला. ट्रॉली उसासकट मागे आली. भानुदासचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

चौथ्या दिवशी नरहरीच्या घरापुढे लिंबाखाली बैठक बसली. भानुदास अजून मोठ्या दवाखान्यात होता. ट्रॉली ओढून आणून तिथंच उभी केली होती, तिच्यावरचं माझं नाव सगळ्यांना वाचता येईल अशी. कडीची प्लेट उतरवून खाटेवर ठेवली होती आणि बोल्टांचे तुकडे रुमालावर.

मी तयारीनं गेलो होतो. पहिला शब्द दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही, एवढं मला धंद्यानं शिकवलं आहे. मी म्हणालो, "ट्रॉली मी बांधली. पण बोल्ट मी घरी पाडीत न्हाई. बोल्ट महालिंगअप्पांचे हायेत. तुटला तो बोल्ट. इचारायचं तर त्यांना इचारा."

मला वाटलं, अप्पांचं नाव निघालं की लोक गप्प होतील आणि प्रकरण बोल्ट बनवणाऱ्या कुठल्यातरी दूरच्या फॅक्टरीवर जाईल. नरहरीनं लगेच माणूस पाठवला.

अप्पा चालत आले. चपला बाहेर काढल्या. आधी भानुदासची विचारपूस केली, किती वेळ केली ते मला आठवतं, कारण तेवढा वेळ माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मग रुमालावरचा एक तुकडा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि उन्हाकडे धरला.

"बोल्ट माझ्याच दुकानचा," ते म्हणाले.

मी मनात म्हणालो, सुटलो.

"आन् बोल्ट बरोबर हाय. हायटेन हाय. हे तोंड बघ नरहरी, जितं तुटलाय. ही एवढी बाजू काळी पडलीय, घासून गुळगुळीत झालीय. ही शेवटची तेवढी चमकतीय. ही त्या दिवशी तुटली. बाकीचा बोल्ट दोन-तीन महिन्यांपासनं जरा जरा तुटत होता."

"असा कशानं तुटतो?"

"हलल्यानं. आवळून बसला तर बोल्टाला मरण न्हाई. हलायला लागला की मोडला."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून एक नवा सहा सुती बोल्ट काढला. तो त्यांनी येताना आणला होता. प्लेटच्या भोकात घातला आणि दोन बोटांनी हलवला. टक, टक, टक. लिंबाखाली वीसेक माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. बोल्ट भोकात घंटेच्या लोलकासारखा हलत होता.

"भोक गॅसनं कापलंय," अप्पा म्हणाले. "वर जाड वायसर घातला की दिसत न्हाई."

सगळे माझ्याकडे वळले. मी अप्पांकडे बघत होतो. माझ्या डोक्यात वायसर एवढा एकच शब्द अडकला होता.

"तुमाला हे कवापासनं ठाव होतं?" मी विचारलं.

"दोन वर्सांपासनं. तुमी जाड वायसर न्यायला लागलात तवापासनं."

"मग बोलला कावून न्हाई?"

अप्पांनी बोल्ट भोकातून काढून परत खिशात ठेवला. "तुमीच म्हनला होता शेठ, इचारू नका."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. अप्पांच्या वयाला ते शोभणारं नव्हतं आणि माझ्या तोंडालाही नव्हतं. एक वाक्य मात्र आजही मी मागे घेणार नाही. मी म्हणालो, "माझ्या भोकानं पाय गेला, मान्य. पण तुमच्या मानापानानं बी गेला." त्यावर अप्पा उठले. नरहरीला म्हणाले, "काय लागलं तर निरोप दे," आणि चपला घालून गेले. लोकांनी मला धरून बसवलं. माझं म्हणणं तिथंच राहिलं. संध्याकाळपर्यंत गावात एकच गोष्ट होती, अप्पांनी बोल्ट बघून कसं ओळखलं. त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं, हे कुणाच्या सांगण्यात आलं नाही. तीन ऑर्डरी परत गेल्या. माझ्या ट्रॉलीला लोक भोकाची ट्रॉली म्हणायला लागले. अजून म्हणतात, फक्त आता मागून म्हणतात.

मी पाच वर्षं गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करत बसलो. मग पुन्हा ट्रॉल्या सुरू केल्या. आता एकही भोक गॅसनं पडत नाही. ड्रिलचं मोठं मशीन घेतलं आणि त्याच्यापुढे उंच स्टूल ठेवून त्यावर भानुदासला बसवलं. मी त्याच्या घरी तीनदा गेलो तेव्हा तो आला. प्रत्येक प्लेटीला तो मला हाक मारून विचारतो, "दत्ताभाऊ, बोल्ट कितीचा?" हे कुणी टपरीवर सांगत नाही. कुणी सांगावं अशी माझी अपेक्षाही नाही.

अप्पा भानुदासकडे दर सोमवारी जायचे. देवळातून निघाले की थेट तिकडे. अर्धा तास बसायचे, चहा घ्यायचे, उठायचे. हे मात्र साऱ्या गावाला माहीत आहे आणि सगळे हात जोडून सांगतात. मी एकदा भानुदासला विचारलं, "काय बोलत्यात रे?"

"कायच न्हाई. बसत्यात."

"एवढ्या वर्सांत कायच न्हाई?"

भानुदास मशीन बंद करून म्हणाला, "एकदा म्हनले. मी इचारायला पायजे होतं, असं म्हनले. बास तेवढंच."

मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. मला यायचं राहिलं होतं ते हेच. हे वाक्य त्यांना बोलता येत होतं. ते बोललेही होते. पण भानुदासपाशी, चार भिंतींत, चहाच्या कपावर. लिंबाखाली, वीस माणसांत, ज्या जागी त्यांनी माझी भोकं दाखवली त्या जागी ते बोलले असते तर मी सगळं माझ्या डोक्यावर घेतलं असतं. माझी चूक मोठी होती आणि ती माझीच होती. पण त्यांची चूक त्यांनी खिशात ठेवली, त्या नव्या बोल्टासारखी.

गेल्या वर्षी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. डावी बाजू गेली. मुलगा शिवलिंग दुकान बघायला लागला. त्यानं खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या, दारात पैसे पाठवायचा तो चौकोनी कोड चिकटवला. बोल्ट मागितला की लगेच मिळतो. पण लोक सांगत होते, अप्पा रोज दुकानात येऊन बसतात. बोलता येत नाही, तरी गिऱ्हाईक आलं की उजवा हात वर करतात. तळवा वर, बोटं उघडी. गिऱ्हाईक मग शिवलिंगला सोडून अप्पांना सांगतं, अप्पा, कोळप्याला. अप्पा, झोक्याला. अप्पा ऐकतात आणि कुठल्या खोक्यात हात घालायचा ते बोटानं दाखवतात.

मी कित्येक वर्षं त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो, माल माणसं पाठवून आणत होतो. पाडवा झाल्यावर एका सकाळी मी स्वतः गेलो. सहा सुती बोल्ट हवे होते, ट्रॉलीच्या कडीसाठी. माणूस पाठवता आला असता. मला हे सांगायला लाज वाटत नाही की मी बोल्टांसाठी गेलो नव्हतो. त्या माणसानं मला पुन्हा एकदा विचारावं एवढ्यासाठी गेलो होतो. काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. दांडीच्या कडीला, अप्पा. भोक ड्रिलनं पाडलंय. साधा वायसर द्या.

माझ्या पुढे एक बाई होती, शिलाई मशीनच्या स्टँडचा बोल्ट न्यायला आलेली. अप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. विभूतीचे पट्टे वाकडे, दुसऱ्या कुणीतरी ओढलेले. तेलाचा काळा पट्टा नव्हता. बाईपुढे त्यांचा हात वर आला. तिनं सांगितलं. त्यांनी बोट दाखवलं. ती गेली.

मी पुढे झालो. शिवलिंग म्हणाला, "या काका. काय देऊ?"

मी अप्पांकडे बघत राहिलो. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते, ओळख पूर्ण होती. हात मांडीवर, शालीवर पडलेला होता. मी थांबलो. बाहेर एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विझेपर्यंत थांबलो.

"काका?" शिवलिंग म्हणाला. "सकाळपासनं जरा थकलेत ते. तुमी सांगा ना."

"सहा सुती," मी म्हणालो. "वीस दे. साधे वायसर."

शिवलिंगनं नट न चढवता बोल्ट पिशवीत टाकले. अप्पा त्याच्या हाताकडे बघत होते. मी पिशवी घेतली, पायरी उतरलो आणि गाडीला किल्ली लावली. माझ्या मागोमाग नेकनूरचा एक जण पायरी चढला. त्यानं चार सुती बोल्ट मागितला. मी मान वळवून बघितलं. अप्पांचा हात शालीवरून उठला, सावकाश, तळवा वर.